बुधवारच्या घरचा मुका

विद्वत्तेची लक्षणे शास्त्रकारांनी पुष्कळ सांगितली आहेत. परंतु विद्वान माणूस स्वतःच्याच विद्वत्तेखाली सापडून कसा गुदमरतो, हे सांगायचे बहुधा राहून गेले. ती उणीव दत्तोपंत उमाळकरांनी भरून काढली, आणि तीही पदरचे उदाहरण देऊन. दत्तोपंत नागपुरातील एका हायस्कुलात संस्कृत शिकवीत. मॅट्रिकच्या मुलांना निरोप देताना शिक्षकांनी चार उपदेशाचे शब्द सांगावेत अशी त्या शाळेची रीत होती. दत्तोपंत उपदेश करीत नसत. आपण एम.ए.ला नापास कसे झालो ते सांगत. पुढच्या वर्षी पास कसे झालो तेही सांगत. मात्र त्यांच्या मते दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक लाजिरवाणी होती.

नागपूरचे विद्यापीठ तेव्हा नवे होते. स्थापन होऊन सात-आठ वर्षे झाली असतील. पारशिवनीचे वेदमूर्ती रामाजीपंत हे आसपासच्या दहा-बारा गावांचे उपाध्याय. दत्तू हा त्यांचा एकुलता मुलगा. एकदा ऐकलेले विसरायचे नाही, ही देणगी त्याला जन्मतःच मिळाली होती, आणि ऐकवण्याची संधी मिळाली की ती सोडायची नाही, ही खोड पाठशाळेत लागली होती. दोन्हींच्या बळावर तो बी.ए. झाला आणि न्यायशास्त्र हा विषय घेऊन एम.ए.ला बसला. राहायला महालातल्या एका देवळाची ओवरी, आणि जेवायला सात वारांची सात घरे. गरीब विद्यार्थ्याने आठवड्याच्या एकेका दिवशी एकेका गृहस्थाकडे जेवावे, ही सोय त्या काळी सर्वांच्या परिचयाची होती. देवळाच्या पुजाऱ्याने घरे ठरवून दिली आणि दत्तूचे वार लागले.

भोजनसमयी मौन पाळावे असे शास्त्र सांगते. आपोशन घेतल्यापासून हात धुईपर्यंत बोलू नये, एवढाच त्याचा अर्थ. दत्तूने विचार केला की अल्प मौनाने जर अल्प पुण्य, तर दीर्घ मौनाने दीर्घ पुण्य असलेच पाहिजे. म्हणून यजमानाचा उंबरठा ओलांडताना तो ओठ मिटी, ते रस्त्यावर आल्यावर उघडी. आणि रस्त्यावर बोलण्यासारखे कोणी भेटत नसल्यामुळे पुष्कळदा ते तेथेही मिटलेलेच राहत. अन्न संपले की यजमानीणबाईंना वाकून नमस्कार करायचा आणि निघायचे. हा आपला संयम आहे असे त्याला वाटे. पुढे दत्तोपंत म्हणत, "संयम कसला, मला बोलताच येत नव्हतं. नशीब माझं, की माझ्या अडाणीपणाला शास्त्राचा आधार सापडला."

कॉलेजातही हीच तऱ्हा. श्रीधर नावाचा सीताबर्डीचा एक मुलगा त्याच वर्गात होता. अभ्यास बेताचा, चेहरा हसरा. तो प्राध्यापकांना वाटेत गाठून शंका विचारी, शिपायाच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करी, आणि ग्रंथपालांशी संत्र्याच्या बहराविषयी बोलता बोलता एकुलती एक दुर्मिळ टीका घेऊन जाई. दत्तू त्याच टीकेसाठी चिठ्ठी धरून शेजारी तिष्ठत असे. आपण पुढे आहोत हे सांगावे, असे त्याच्या मनात येई. पण सांगायचे म्हणजे बोलायचे. श्रीधरच्या हास्याला तो मनोमन अभ्यासातील छिद्र म्हणे. विद्या कंठात असावी, चेहऱ्यावर नव्हे, असा त्याचा सिद्धान्त होता, आणि तो त्याने कोणालाही न सांगितल्यामुळे खोडूनही कोणी काढला नव्हता.

लेखी परीक्षेत त्याने पुरवणीमागून पुरवणी लावली. मग तोंडी परीक्षा. परीक्षक काशीहून आलेले एक वयोवृद्ध पंडित. त्यांनी सौम्यपणे विचारले, "अनुमान म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत सांगा."

दत्तूजवळ सर्वांचे शब्द होते. स्वतःचे तेवढे नव्हते. शिवाय पाठ केलेली गोष्ट त्याला मधूनच म्हणता येत नसे. एखादे वाक्य हवे असले तरी ग्रंथारंभीच्या मंगलश्लोकापासून निघावे लागे. तो निघाला. पदार्थांची मोजदाद झाली, गुणांची झाली, प्रत्यक्षाच्या प्रकरणात प्रवेश झाला. पंडितांनी थांबवण्यासाठी हात वर केला. दत्तूला वाटले, आशीर्वाद मिळाला. त्याने मस्तक नम्र केले आणि वेग वाढवला. अनुमानाचे प्रकरण अजून बऱ्याच अंतरावर असताना घंटा झाली आणि बाहेर बसलेल्या श्रीधरला आत बोलावले गेले.

निकाल लागला तेव्हा लेखी गुणांत दत्तू वर्गात पहिला होता आणि तोंडीत नापास. नियम असा की तोंडीत नापास तो सबंध नापास. श्रीधर दुसऱ्या वर्गात पास झाला. त्याने दत्तूला चहाच्या दुकानात नेले. आयुष्यात प्रथमच दत्तूने त्याला विचारले, की तुला काय विचारले होते. तेच विचारले होते. तू काय सांगितलेस? श्रीधरने प्रामाणिकपणे कबूल केले की त्याला अर्धेच येत होते. तेवढे सांगून त्याने पंडितजींना विचारले की पुढचे मला नेहमी अडते, आपण कसे समजून घेतले? मग उरलेला वेळ पंडितजीच बोलत होते.

"दत्तोबा, राग नका मानू," श्रीधर म्हणाला. "तुम्ही उत्तर नाही देत, पारायण करता. समोर माणूस बसला आहे, हे तुमच्या गावीच नसतं."

दत्तूला राग आला, आणि तो त्याने संयमाने, म्हणजे काही न बोलता, ओवरीपर्यंत आणला. तेथे वडिलांचे पत्र आले होते. रामाजीपंतांनी लिहिले होते की एक वर्ष आणखी देतो. त्यात पास झालास तर तुझा मार्ग तुला मोकळा. न झालास तर पारशिवनीस येऊन यजमानकृत्ये सांभाळ, माझे गुडघे आता साथ देत नाहीत. दत्तूला भिक्षुकीचा तिटकारा नव्हता. भीती होती ती यजमानांची. लग्नघरात पन्नास माणसे पन्नास गोष्टी विचारतात. त्यापेक्षा शाळेत शिकवावे, तेथे मुले गप्प बसतात, अशी त्याची समजूत होती. त्या समजुतीचे हसू पुढे दत्तोपंतांना वर्गात दिवसातून तीनदा तरी येई.

आता बुधवारच्या घराकडे वळले पाहिजे. सातही घरांत दत्तूला हे घर सर्वांत प्रिय. घरधनी मधुकरराव सेक्रेटरिएटात कारकून. ते दहालाच जेवून कचेरीत जात. वाढायला त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई. इतर घरांतल्या बायका काही ना काही विचारून मौनात विघ्न आणीत. सत्यवतीबाई कधी एक अक्षर बोलत नसत. भात हवा का, हे बोटे जुळवून विचारीत. वरण, तर हाताचा पळीसारखा खोलगा करीत. पुरे का, तर मान वाकडी. चार वर्षांत त्यांच्या खुणांची एक पूर्ण भाषा तयार झाली होती. परक्या मुलाच्या व्रतासाठी स्वतःही मौन धरणारी ही स्त्री किती सुसंस्कृत असली पाहिजे, असे मनात येऊन दत्तूला कित्येकदा गहिवरून येई.

नापास झाल्यानंतरच्या तिसऱ्या बुधवारी गोळाभात होता. दत्तू पाटावर, सत्यवतीबाई चुलीपाशी. गोळ्यांवर घालायला त्या तेलाची फोडणी करीत होत्या, आणि त्यांच्या पदराचे टोक चुलीच्या तोंडाशी लोळत होते. दत्तूला धुराची एक बारीक रेघ दिसली. न्यायशास्त्राचा विद्यार्थी धूर पाहून गप्प कसा बसेल? त्याच्या मनात यथासांग अनुमान सुरू झाले. प्रतिज्ञा: या पदराला विस्तव लागला आहे. हेतू: कारण त्यातून धूर निघतो. उदाहरण: जेथे जेथे धूर तेथे तेथे विस्तव, जसे स्वयंपाकघरात. येथे बुद्धी क्षणभर अडखळली. कारण शास्त्रातले ते स्वयंपाकघर नेहमी दूर कोठेतरी असते, आणि हा तर त्यातच बसला होता. उपनय झाला, निगमन झाले. तोवर पदर वीतभर जळला.

"काकू, पदर," दत्तू म्हणाला.

सत्यवतीबाईंनी पदराकडे पाहिलेच नाही. त्यांच्या हातची पळी खाली पडली. त्या दत्तूकडे पाहत राहिल्या, आणि दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "गजानना, पोराले वाचा दिली रे बापा." दत्तूने उठून तांब्यातले पाणी पदरावर ओतले नसते तर गजाननाला आणखी एक काम लागले असते.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. पुजाऱ्याने सांगितले होते ते एवढेच, की मुलगा पारशिवनीचा आहे आणि कॉलेजात शिकतो. पहिल्या दिवशी तो आला, जेवला, नमस्कार करून गेला. दुसऱ्या बुधवारी तेच. तिसऱ्या बुधवारी सत्यवतीबाईंनी ओळखले की पोर मुके आहे. मुका मुलगा कॉलेजात कसा शिकतो, हा प्रश्न मधुकररावांनी काढला होता. त्यावर बाईंनी सांगितले की शिकायला कान लागतात आणि लिहायला हात, तोंडाचे तेथे काय काम. दत्तू हे ऐकून खाली मान घालून बसला. त्याचा स्वतःचा सिद्धान्तही जवळजवळ हाच होता. तो खरा मानला की माणूस मुका ठरतो, एवढा निष्कर्ष तेवढा त्याने काढला नव्हता.

आणि बाईंनी टेकडीच्या गणपतीला नवस केला होता. पोराला वाचा फुटली तर एकवीस मोदक, आणि तोवर प्रत्येक बुधवारी उपास. म्हणजे चार वर्षे त्याला वाढून त्या स्वतः उपाशी राहत होत्या. हे ऐकल्यावर दत्तूला खरे सांगणे भाग पडले. त्याने सांगितले की आपण मुके नव्हतो; मौन पाळत होतो.

सत्यवतीबाईंनी चुलीतले लाकूड मागे ओढले.

"चार वर्सं?" त्यांनी विचारले.

"हो."

"अन् मी हात करून राहिली होती, ते पाहून तुले काय वाटलं गा?"

"तुम्हीही मौन पाळता असं वाटलं."

"मी?" बाई म्हणाल्या. "माह्या मौनाचं नाव काढलं तर हे कचेरीतून रजा घेऊन पाहाले येतील."

मग त्या इतक्या हसल्या की ओल्या पदराने डोळे पुसावे लागले. हसू ओसरल्यावर मात्र त्यांनी रोखून विचारले, की बोलता येते तर बोलला काहून नाही? एक डाव तरी म्हणायचे होते, काकू, वरण चांगले झाले. मग त्याने परीक्षेची हकिकत सांगितली, वडिलांचे पत्र सांगितले. हे सारे त्याने कोणाला प्रथमच सांगितले, आणि सांगताना त्याच्या लक्षात आले की हे कोठे पाठ केलेले नव्हते.

गणपतीला फसवल्यासारखे होऊ नये म्हणून सत्यवतीबाईंनी न्याय दिला. नवस वाचेचा होता. तेव्हा वाचा दिसली पाहिजे. इथून पुढे दर बुधवारी दत्तूने आठवडाभर जे वाचले ते चुलीपाशी बसून त्यांना समजेल असे सांगायचे. मौन पाळायचे तर आपोशनापुरते. जेवणाआधी तोंड उघडे. परीक्षेत पास झाला की मोदक.

पहिल्या बुधवारी दत्तूने मंगलश्लोक सुरू केला. बाईंनी लाटणे वर केले. दत्तूने हा आशीर्वाद समजण्याची चूक पुन्हा केली नाही, तो थांबला. त्याला मधातून सांगायला सांगण्यात आले. मधातून येत नव्हते. "मंग तुले येतच नाही," बाई म्हणाल्या आणि पोळी तव्यावर टाकली. दत्तोपंतांनी पुढे अनेक पंडितांची दूषणे ऐकली. इतके थोडक्यात आणि इतके खरे दूषण त्यांना पुन्हा ऐकायला मिळाले नाही.

हळूहळू त्याला समोर पाहायची सवय लागली. आजवर तो आढ्याकडे पाहून बोले. आता दिसू लागले की न कळलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी उमटते, आणि कंटाळा तर पोळी लाटण्याच्या वेगावरूनही कळतो. बाई प्रश्न विचारीत ते साधे, आणि म्हणूनच अवघड. धूर तिथे विस्तव हे ठीक; पण पहाटे कन्हान नदीच्या पाण्यावर धुराइतकेच दाट काही तरंगते, तिथे विस्तव कोठे आहे? दत्तूने दोन आठवडे मागून घेतले. कधी त्यांना ऐकण्यात रस नसे, तर त्या सरळ सांगत की आज नको, माझे डोके दुखते. आणि ऐकणाऱ्याचे डोके हाही शास्त्रार्थाचा एक अवयव आहे, हे त्याला त्या दिवशी समजले.

तोंड एकदा उघडल्यावर ते इतर घरांतही उघडू लागले. शनिवारच्या घरी शेजारच्या पाटावर एक वृद्ध गृहस्थ चार वर्षे मुकाट जेवत. दत्तूने त्यांना एकदा हात धुताना प्रकृती विचारली. ते गृहस्थ न्यायशास्त्राचे निवृत्त अध्यापक निघाले. बोलायला कोणी मिळत नाही म्हणून ते झुरत होते, आणि शेजारचा तरुण कर्मठ दिसतो, त्याचे मौन कशाला मोडा, म्हणून गप्प होते. चार वर्षांतले दोनशे शनिवार दत्तूने मनात मोजले आणि अधिक मोजणे सोडून दिले.

याची दुसरी बाजूही दत्तोपंत लपवीत नसत. नव्याने पोहायला शिकलेला जसा विहिरीतून बाहेर येत नाही, तसे दत्तूचे झाले. तो ग्रंथपालांशी बोलू लागला, ते टीका परत ठेवण्याची वेळ होईपर्यंत. पुजारी त्याला पाहून सोवळ्यात असल्याचे सांगू लागला. बोलण्यात गेलेला वेळ पाठांतरातून वजा झाला. परीक्षेला बसला तेव्हा त्याला गेल्या वर्षापेक्षा खात्रीने कमी येत होते.

तोंडीला काशीचे तेच पंडित. त्यांनी प्रश्न विचारला, आणि तो दत्तूला कळला नाही. गेल्या वर्षी असे झाले असते तर तो मंगलश्लोकाच्या आश्रयाला गेला असता. त्याने पंडितजींच्या चेहऱ्याकडे पाहिले. चेहरा थकलेला होता. सकाळपासून पंधरा पारायणे ऐकलेली असावीत.

"प्रश्न मला नीट समजला नाही," दत्तू म्हणाला. "कृपा करून पुन्हा सांगावा."

पंडितजी सावरून बसले. प्रश्न त्यांनी सोपा करून सांगितला. दत्तूने उत्तर दिले; येते तेवढे दिले, आणि ते जिथे संपले तिथे संपले असे सांगितले. पंडितजींनी आक्षेप घेतला. अर्धा आक्षेप मान्य करून उरलेल्या अर्ध्याला दत्तूने प्रतिप्रश्न केला. घंटा झाली ती दोघांनाही ऐकू आली नाही. शेवटी पंडितजींनी विचारले की गेल्या वर्षी याच आडनावाचा एक मुलगा आला होता, तो आपला कोण?

"तो मीच."

"असं?" पंडितजी म्हणाले. "मला वाटलं होतं, थोरले बंधू असतील."

निकाल लागला. तोंडीत उत्तम गुण. लेखीत गेल्या वर्षीपेक्षा इतके कमी, की सगळे मिळून बेरीज नापासाच्या वर्षीपेक्षाही खाली आली. अधिक गुण मिळवून नापास आणि कमी गुण मिळवून पास, असा दुहेरी पराक्रम करणारा विद्यार्थी विद्यापीठाला पुन्हा मिळाला नसावा, असे दत्तोपंत अभिमानाने सांगत. वर्ग तिसरा. माणसांत वागण्याबोलण्याने गुण वाढतात की कमी होतात, असे मुले विचारीत. त्यावर ते म्हणत की माझ्या गुणपत्रिकेवरून दोन्ही सिद्ध करता येईल. सत्यवतीबाईंनी वर्ग विचारला नाही. त्यांनी एकवीस मोदक केले आणि नवस फेडला.

राहिले होते पारशिवनीला जाऊन वडिलांना सांगायचे. नागपुरातल्या एका हायस्कुलाने त्याला बोलावले होते. तिथे जायचे, हे त्यांच्या तोंडून मान्य करून घ्यायचे होते. दत्तू गेला. ओटीवर दोन यजमान बसले होते. एकाच्या मुलाचे लग्न पुढ्यात होते आणि मुहूर्तावरून व्याह्यांशी बिनसले होते. रामाजीपंत आत पूजेत. दत्तू सहज त्यांच्याजवळ बसला, कोणाचे काय म्हणणे ते विचारले, आणि वडील बाहेर येईपर्यंत दोन्हीकडे चालेल असा दिवस काढून दिला. यजमान समाधानाने गेले. रामाजीपंत दारात उभे राहून हे पाहत होते.

आईने वाढले; जेवणे मौनात झाली. सुपारी कातरताना ते म्हणाले, "तुह्यात एकच उणं होतं. तुले माणसाशी बोलता येत नव्हतं, म्हणून मी भीत होतो का हे काम तुह्यानं कसं होते. आता तेही राहिलं नाही. पत्रात मोकळा म्हटलं होतं तुले, पण शाळेचं सोड. दहा गावं तुही वाट पाहून राहिली."

ज्या गुणाने दत्तू सुटला होता त्याच गुणाने पुन्हा सापडला होता. आढ्याकडे पाहण्याचा मोह झाला; पण त्याने वडिलांकडे पाहिले. त्यांचे गुडघे पाहिले. मग सांगितले: तुम्ही म्हणता ते खरे आहे, आणि एक वर्षापूर्वी म्हणाला असतात तर मी मान हलवून राहिलो असतो. पण मला शिकवायचे आहे. आधी मला वाटे, शाळेत बोलावे लागणार नाही. आता बोलावे लागेल म्हणूनच जावेसे वाटते. सुटीत येईन, लग्नसराईला तुमच्याबरोबर फिरेन; मोठ्या गावांना मी जाईन, तुम्ही घरी बसा. आणि तुम्ही थकाल तेव्हा पुन्हा विचारा. तेव्हा काय उत्तर देईन ते मला आज ठाऊक नाही.

रामाजीपंतांनी मुलाचे इतके बोलणे एका बैठकीत कधी ऐकले नव्हते. अडकित्ता हातात तसाच राहिला. मग त्यांनी सुपारीची दोन खांडे दत्तूच्या हातावर ठेवली.

"उद्या जाशीन," ते म्हणाले. "पण जाताना मायले सांगून जा. मांगच्या डावी न सांगता गेलता, ते ती अजून बोलून राहिली."